कान खरा, पण हिशेब आधी

आयटीआयमधून टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स उरकून पोरगा चंद्रपूर, घुग्घुस नाहीतर गडचांदूरच्या एखाद्या लेथच्या दुकानात कामाला लागतो, आणि पहिल्या आठवड्यातच उस्ताद त्याला सांगतात : “सूत्र-फित्र पेपरात लिहाले असते बे. इथं कानानं आयक.” सांगणारा माणूस खोटा नसतो. अर्धं आयुष्य लेथसमोर उभं राहिलेला, मायक्रोमीटर लावायच्या आधीच माप सांगणारा असा तो कारागीर असतो. त्याच्या हाताबद्दल मला आदर आहे. त्याच्या या सल्ल्याला मात्र माझा विरोध आहे. तो उघडपणे मांडायची वेळ आली आहे, कारण हा सल्ला आता दुकानापुरता राहिलेला नाही. ज्यांनी सूत्र शिकवायचं, तेही ते फळ्यावर लिहून झालं की “प्रत्यक्षात असं कोणी करत नाही” अशी पुस्ती जोडतात. पोरं सूत्र विसरतात आणि पुस्ती लक्षात ठेवतात.

आधी समोरची बाजू नीट मांडतो. कापण्याच्या वेगाचा पुस्तकातला तक्ता म्हणतो, एमएसला, म्हणजे साध्या पोलादाला, मिनिटाला इतके मीटर, बिडाला तितके. पण दुकानात आलेला शाफ्ट एमएसचाच आहे हे कोणी सांगितलं? इथलं निम्मं काम दुरुस्तीचं. कोळसा खाणीतल्या कन्व्हेअरचा रोलर, सिमेंट कारखान्यातली झिजलेली पिन, ब्रह्मपुरी-वडसाकडच्या राइस मिलचा वेल्डिंगने भरून आणलेला शाफ्ट. बदली माल भंगारातून उचललेला. ग्रेड ना देणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. त्यात लेथ जुनी, बेल्ट सरकतो, हेडस्टॉकवरची पाटी पुसून गेलेली, दुपारी व्होल्टेज पडतं. अशा ठिकाणी कागदावरचा आकडा घेऊन काय करणार? त्यापेक्षा चिपचा रंग बघा, आवाज ऐका, लिव्हर खालीवर करा. काम होतं, रोज होतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.

हा युक्तिवाद पोकळ नाही. तो अर्धा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात टूल जळतात, जॉब वाया जातात, कधी बोटं जातात.

मुळात दुकानात ‘स्पीड’ म्हणजे चकाचे फेरे असं धरून चालतात. टूलला फेऱ्यांशी काही देणंघेणं नाही. त्याच्या धारेसमोरून एका मिनिटात किती मीटर धातू सरकतो, एवढंच त्याला जाणवतं. त्याच्यावरच धार किती तापायची ते ठरतं. व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, फेऱ्यांनी आणि ३.१४ ने गुणायचा, हजाराने भागायचा, की मिनिटाचे मीटर हाती येतात. उलट जायचं तर मीटरला ३१८ ने गुणा आणि व्यासाने भागा, फेरे मिळतात. एचएसएसच्या, म्हणजे हायस्पीड स्टीलच्या, टूलने साधं एमएस कापायला मिनिटाला २५ मीटर धरले, तर २५ गुणिले ३१८ म्हणजे जवळपास ८०००. म्हणजे एवढंच करायचं : आठ हजाराला व्यासाने भागायचं. ४० मिलिमीटरचा शाफ्ट, २०० फेरे. ८० चा, १००. १६ ची पिन, ५००. बिडाला आठ हजाराऐवजी सहा हजार घ्या, स्टेनलेसला पाच, पितळेला सोळा. चार आकडे आणि एक भागाकार. एवढं गणित दुकानात जमत नाही, असं जो म्हणतो तो आपल्या पोरांना कमी लेखतो. हीच पोरं चहाच्या टपरीवर महिन्याचा उधारीचा हिशेब तोंडी करतात.

आता कानावर चालणाऱ्या दुकानात प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. लिव्हर एका जागी बसते आणि दिवसभर तिथेच राहते. समजा ३५० वर. २५ मिलिमीटरचा जॉब लागला की २७ मीटर होतात, टूल खूश, उस्तादही खूश. थोड्या वेळाने १२० मिलिमीटरची फ्लँज आली. लिव्हर तिथेच. आता धारेसमोरून मिनिटाला १३२ मीटर लोखंड धावतंय, आणि एचएसएसची धार काही क्षणांत निळी पडून बसते. मग ग्राइंडर, धार, परत कट, परत ग्राइंडर. मग १० मिलिमीटरची पिन लागते. फेरे तेच, पण मीटर जेमतेम ११. आवाज अगदी शांत, कानाला तक्रार करायला जागाच नाही. आणि टूलच्या नाकावर लोखंडाची गाठ चिकटते, पृष्ठभाग फाटल्यासारखा निघतो, पोरगा पॉलिश पेपर घासत बसतो. कमी वेगातली ही नासधूस कान पकडत नाही. कान फक्त जास्तीचं ऐकतो, तेही टूल बसायला लागल्यावर.

आणि जास्तीचंही तो किती बारकाईने ऐकतो? इथे अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलरची आठवण काढावी लागते. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टीलमध्ये त्याने १८८० च्या सुमारास धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले, आणि डिसेंबर १९०६ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला तोवर आठ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे साडेतीनशे टनांच्या वर लोखंड-पोलादाच्या चिपा करून टाकल्या होत्या. त्यातून निघालेला नियम आजही इंजिनिअरिंगच्या पहिल्या पुस्तकांत असतो. वेग वाढला की टूलचं आयुष्य घटतं. पण वेगाच्या प्रमाणात घटत नाही, त्याच्या कित्येक पटींनी घटतं. एचएसएससाठी हे घटणं साधारण आठव्या घाताने होतं. वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर आयुष्य निम्म्याच्याही खाली येतं. वीस टक्क्यांनी वाढवला तर पाव भागही उरत नाही.

गिअरच्या लेथवर एका लिव्हरच्या जागेवरून पुढच्या जागेवर गेलं की फेरे ठरावीक पटीने वाढतात. बऱ्याच लेथवर ही पट १.४१ च्या आसपास असते. १.४१ चा आठवा घात करून बघा : सोळा. लिव्हर एक घर चुकली, तर जे टूल एका धारेवर तासभर चाललं असतं ते चार मिनिटांत बसतं. नियम प्रत्येक धातूला, प्रत्येक कटाला तंतोतंत लागू पडतो असा माझा दावा नाही. कटाची खोली, फीड, कूलंट, टूलचे कोन या सगळ्यांनी आकडा हलतो. पण दिशा हलत नाही. आणि दहा टक्क्यांचा फरक कानाने ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हेडस्टॉक बनवणाऱ्याने ते टप्पे सारख्या पटीने ठेवले, तेही हिशेबानेच, म्हणजे कुठल्याही व्यासाला जवळचा वेग सापडावा. हरिहरला १९४१ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करसारख्या लेथच्या कारखान्यांनी गिअरांची ही गणितं डोकं खपवून बसवली. त्या मशीनसमोर उभं राहून गणिताचा उपयोग काय असं विचारणं मला सहन होत नाही.

टेलरचं नाव काढलं की जाणता विरोधक लगेच मुद्दा काढेल, आणि तो खरा आहे. टेलरने हे सगळं कामगाराच्या भल्यासाठी केलं नव्हतं. कारागिराच्या डोक्यातलं ज्ञान काढून ते मालकाच्या ऑफिसात न्यायचं, हा त्याचा उघड हेतू होता. त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने त्याच्यासाठी खास स्लाइड रूल बनवली. वेग-फीड ऑफिसात ठरायचे आणि टर्नरच्या हाती चिठ्ठी यायची. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातले ओतकाम करणारे कामगार या पद्धतीविरुद्ध काम टाकून बाहेर पडले, आणि अमेरिकेच्या संसदेला चौकशी करावी लागली. त्या कामगारांची बाजू मी घेतो. पण त्यांचं भांडण कशाशी होतं? स्टॉपवॉच घेऊन डोक्यावर उभ्या राहणाऱ्या साहेबाशी होतं, ज्ञान आपल्या हातून जाण्याशी होतं. भागाकाराशी नव्हतं. तो भागाकार टर्नरनेच केला तर ज्ञान कोणाच्या ऑफिसात जात नाही, त्याच्याकडेच राहतं. ‘सूत्र विसर’ सांगणारा उस्ताद नकळत टेलरचंच काम पुढे नेतो : हिशेब साहेबाने करायचा, आपण लिव्हर ओढायची.

माझा खरा राग इथे आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पोरगा लेथच्या आवाजातच वाढतो. बापाच्या दुकानात खेळतो, चुलत्याच्या दुकानात टूल घासायला शिकतो. त्याचा कान वारशाने तयार होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या पोराच्या घरात लेथ कोणी पाहिलेली नसते. घरी माडिया किंवा गोंडी बोलतात, शाळेत मराठी, मशीनवर इंग्रजी शब्द. हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि त्यानंतरही कित्येक वर्षं ‘उद्योग नसलेला जिल्हा’ हीच त्याची ओळख राहिली. आता सुरजागडला खाण चालते, कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहतोय, चंद्रपूरकडे खाणी, सिमेंट आणि भद्रावतीची आयुध निर्माणी आधीपासून आहेत. टर्नर, फिटर, मशिनिस्ट सगळ्यांना हवे आहेत. अशा वेळी त्या पोराला ‘दहा वर्षं ऐक, मग कळेल’ असं सांगणं म्हणजे दहा वर्षं हेल्पर रहा असं सांगणं. कान हा एका दुकानाचा, एका उस्तादाच्या मर्जीचा असतो. भागाकार एका दुपारी शिकता येतो आणि दुकान बदललं तरी सोबत येतो.

आता भंगाराच्या मालाकडे वळतो, कारण कानवाल्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. धातू माहीत नाही, मग मीटर कुठले धरायचे? माहीत नाही म्हणूनच हिशेब लागतो. ग्राइंडरवर टोक टेकवून ठिणग्या बघा. कार्बन जास्त असेल तर ठिणगी फुलोऱ्यासारखी फुटते. जुनी कानस फिरवून बघा. घसरली तर माल कडक. त्यावरून खालचा आकडा धरायचा आणि तिथून वर जायचं. वेल्डिंगने भरलेल्या शाफ्टचं तर ठरलेलंच आहे : वर कडक कातडी, मधे मऊ, कुठे खड्डा, टूलवर सारखे ठोके. तिथे एचएसएसने १५ मीटरच्या वर जाऊ नये. ६० मिलिमीटरच्या शाफ्टला ८० फेरे होतात. पहिला कट कातडीच्या खाली जाईल इतका खोल घ्या, नाहीतर टूल कातडीवरच घासत मरतं. हे सगळं कोणीतरी आकड्यांत सांगितलं तर पहिल्या वर्षाचा पोरगाही राइस मिलचा शाफ्ट एका धारेत उतरवतो. कानावर सोडलं तर तो आधी दोन टूल जाळतो आणि वर शिव्या खातो.

मशीन जुनी असण्याचा मुद्दा मला कमी पटतो. पाटी पुसली आहे तर डिजिटल टॅकोमीटर आणा. फार महाग वस्तू नाही. प्रत्येक लिव्हर, प्रत्येक पुली एकदा मोजा आणि रंगाने आकडे लिहून ठेवा. टॅकोमीटर नसेल तर हळू फेऱ्यांवर चकावर खडूची खूण करून घड्याळ लावून मोजा. बेल्ट सरकत असेल तर बेल्ट ताणा, तो हिशेबाचा दोष नव्हे. व्होल्टेजचं म्हणाल, तर थ्री फेज मोटरचे फेरे मुख्यतः पन्नास हर्ट्झच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतात. व्होल्टेज पडलं की ताकद घटते, मोटर तापते, पण फेरे थोडेच कमी होतात.

कानाचा सर्वांत मोठा पराभव टेलस्टॉकमध्ये ड्रिल लावल्यावर होतो. इथे मोजायचा व्यास जॉबचा नाही, ड्रिलचा. १०० मिलिमीटरच्या जॉबमध्ये १० मिलिमीटरचं भोक पाडायचं, तर जॉबच्या व्यासाने ८० फेरे निघतात आणि ड्रिलच्या व्यासाने ८००. दुकानात बहुतेक वेळा टर्निंगचीच लिव्हर राहते, ड्रिल घासत बसतं, पोरगा टेलस्टॉकचं चाक जोर लावून दाबतो आणि ड्रिल आत तुटतं. याउलट, मोठा ओबडधोबड जॉब चकात असेल तर लहान ड्रिलसाठी लागणारे फेरे जॉबला झेपणार नाहीत; तिथे जॉब आणि चक काय सोसतील ते आधी बघायचं आणि त्यापुढे जायचं नाही. आटे पाडताना फेरे टर्निंगच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणायचे, कारण तिथे मर्यादा हाताची असते, हाफ नट उघडून टूल मागे घ्यायला वेळ लागतो. फेसिंगला टूल आत सरकेल तसा व्यास कमी होतो; २०० च्या फ्लँजला ४० फेऱ्यांवर बाहेर २५ मीटर असतात, आणि मध्याजवळ ५० मिलिमीटरवर जेमतेम सहा. म्हणून तिथला पृष्ठभाग खडबडीत येतो, आणि म्हणून अर्ध्यात लिव्हर बदलायची. यातलं काहीच आवाजातून आपोआप समजत नाही.

लाकडाच्या लेथवर तर गणिताचं कारणच वेगळं आहे. या जिल्ह्यांचा सागवान देशभर जातो. अयोध्येच्या मंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच लाकूड रवाना झालं. त्याच सागवानाचे पलंगाचे पाय, चौरंगाचे खूर, देव्हाऱ्याचे खांब इथल्या लाकडी लेथवर उतरतात. सागवानात नैसर्गिक सिलिका असते, ती धार खाते. पण लाकडाला जास्त मीटर चालतात, तिथे धोका उष्णतेचा नसून असमतोलाचा असतो. ओबडधोबड ठोकळा, एका बाजूला ओलसर बाहेरचं लाकूड, दुसऱ्या बाजूला गाभा. २०० ग्रॅमचा फरक मध्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर हजार फेऱ्यांना तो ३३ किलोच्या भाराइतका ओढतो. फेरे दुप्पट केले की ओढ चौपट : १३० किलोच्या वर. ठोकळा सुटतो तो याच ओढीने, आणि तो सुटण्याआधी कानाला इशारा देईलच याची खात्री नाही. गोल होईपर्यंत हळू, गोल झाल्यावर व्यास बघून वेगाने, हा नियम इथे जीव वाचवतो.

दुसऱ्या टोकालाही माणसं आहेत, त्यांनाही सोडायला नको. कार्बाइड इन्सर्टच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द, असं ते मानतात. तो आकडा मजबूत मशीन, भरपूर कूलंट, आखूड पकड गृहीत धरून छापलेला असतो. जुन्या लेथवर, लांब शाफ्टला सेंटरचा आधार न देता तेवढा वेग दिला तर शाफ्ट मधोमध झुलतो आणि जॉब ओरडायला लागतो. सीएनसीवर हीच गफलत बटणाच्या आड लपते. प्रोग्रॅममध्ये जी ९६ हा कोड लावला की मशीन व्यास बघून फेरे आपोआप वाढवते. पण १५० मीटरवर फेसिंग करत ५ मिलिमीटरपर्यंत आलं की हिशेबाने फेरे नऊ हजारांवर जातात. वरची मर्यादा जी ५० ने आधी बांधली नसेल तर जड जॉबवरची चकाची पकड सैल होऊ शकते. बटण दाबणाऱ्याला हा भागाकार माहीत असलाच पाहिजे.

कान कुठे लागतो? आकडा लावून कट सुरू झाल्यावर. कार्बाइडने पोलाद कापताना निळी चिप निघाली तर चालेल. एचएसएसने कापताना तशीच निघाली तर वेग उतरवा. किंचाळणारा आवाज आला तर फीड, पकड, टूलची उंची तपासा आणि मग फेरे. उस्तादाने हे शिकवावं, त्याच्याइतकं चांगलं कोणी शिकवणार नाही. पण काय ऐकायचं हे पोराला आकडा आधी माहीत असेल तरच कळतं. २०० वर बरोबर आवाज कसा असतो हे माहीत नसताना ४०० चा आवाज चूक आहे, हे तो कशावरून ठरवणार?

तेव्हा माझी मागणी अगदी रोकडी आहे. प्रत्येक आयटीआयमध्ये जॉबच्या कागदावर धातू, टूल, व्यास, मीटर आणि फेरे लिहिल्याशिवाय विद्यार्थ्याने चक सुरू करू नये, आणि शिक्षकाने तो कागद तपासल्याशिवाय सही करू नये. दुकानमालकांनी लेथच्या हेडस्टॉकवर, डोळ्यांसमोर, रंगाने चार ओळी लिहाव्यात : एमएस ८०००, बीड ६०००, स्टेनलेस ५०००, पितळ १६०००, खाली ‘व्यासाने भागा’, आणि बाजूला प्रत्येक लिव्हरचे मोजलेले खरे फेरे. कार्बाइडसाठी वेगळा तक्ता, वेगळ्या रंगात. धानोऱ्याहून आलेल्या पोराला तो वाचता आला पाहिजे, इतक्या मोठ्या अक्षरात आणि मराठीत.